भाजलेल्याचें पथ्य आणि अमिनो आम्लें



घरांत कोणी भाजलें कीं पहिले दोन-तीन दिवस दवाखाना, मलम, पट्ट्या आणि रडारड यांतच जातात. त्यानंतर मात्र प्रत्येक घरांत एक प्रश्न हटकून निघतो: ‘आतां रोग्याला खायला काय द्यावयाचें?’ आमच्या गोंदिया जिल्ह्यांत या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरें मिळतात. घरांतील वडील मंडळी म्हणतात, ‘पेज द्या, डाळ, अंडें, दहीं यांचें नांव काढूं नका, जखमेंत पू होतो.’ औषधाच्या दुकानांतून परत आलेला तरुण मुलगा मात्र ‘अमिनो आम्लांनीं युक्त’ असें छापलेला एक मोठा डबा टेबलावर ठेवतो, आणि त्याची किंमत ऐकून घरचीं माणसें कांहीं वेळ गप्प बसतात. या दोन्ही उत्तरांची परीक्षा करावी, हा आजच्या भाषणाचा हेतु आहे. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि ३८ वर्षें तींत घालविलीं. मुलांना शरीरशास्त्राचे धडे शिकवितांना जें वाचावें लागलें, आणि पुढें एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं जें पाहावें लागलें, त्यामुळें या विषयाकडे ओढला गेलों.

आमचा जिल्हा धानाचा. उसना तांदूळ करण्यासाठीं धान उकडण्याचें काम येथील गिरण्यांतून चालतें, आणि क्वचित् घरच्या अंगणांतही चालतें. उकळत्या पाण्याचें भांडें कलंडलें तर मांडीपासून पावलापर्यंतचें कातडें सोलून निघतें. चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें वेंचण्यापूर्वीं झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची चाल आहे. तेथें पदराला आग लागण्याचें भय असतें. चुलीपुढें आणि शेगडीपुढें तर वर्षाचे बारा महिने घरांतील स्त्रीच बसलेली असते. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला, आणि येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ सालीं निघालें. तरीही फार भाजलेल्या रोग्याला आगगाडीनें किंवा रुग्णवाहिकेनें नागपुरास न्यावें लागतें, आणि तेथून घरीं आल्यावर पुढच्या सर्व महिन्यांची जबाबदारी स्वयंपाकघरावर येऊन पडते. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा नाहीं.

भाजणें हें कातडीचें दुखणें आहे अशी आपली समजूत असते. थोडें आणि वरवर भाजलें असेल तर ती खरीही आहे. रोग्याच्या स्वतःच्या हाताचा पंजा, बोटांसकट, म्हणजे अंगावरील कातडीचा सुमारें शेंकडा १ भाग होय. या मापानें दोन-चार पंजे भाजलें असेल आणि तें खोल गेलेलें नसेल, तर निरोगी माणसाची जखम नेहमींच्या चांगल्या जेवणावर भरून येते. तिला डबाही नको आणि उपासही नको. परंतु वीस पंज्यांइतकें, म्हणजे अंगाचा पंचमांश किंवा त्याहून अधिक भाग भाजला, कीं दुखणें कातडीचें राहत नाहीं, तें सर्व शरीराचें होतें. हृदय जलद चालूं लागतें, अंगांत उष्णता अधिक उत्पन्न होते, आणि बिछान्यावर स्वस्थ पडलेल्या माणसाचा शक्तीचा खर्च दीडपट, तर फार मोठ्या जखमांत जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय उघड्या जखमेंतून जो पातळ स्राव पाझरत असतो तें नुसतें पाणी नव्हे. त्याच्याबरोबर रक्तांतील प्रथिनें वाहून जात असतात.

हा खर्च शरीर कोठून भागवितें? १९३० च्या सुमारास स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं डेव्हिड कथबर्टसन नांवाचे शास्त्रज्ञ हाड मोडलेल्या रोग्यांच्या मूत्राची तपासणी करीत होते. त्यांत नत्राचें प्रमाण त्यांना इतकें जास्त आढळलें कीं, तें मोडलेल्या जागेच्या आसपासच्या मांसांतून येणें शक्य नव्हतें. सर्व अंगाचे स्नायु थोडथोडे विरघळत होते असाच त्याचा अर्थ होता. भाजलेल्या रोग्यांत हाच प्रकार कितीतरी अधिक प्रमाणांत चालतो. मूत्रावाटे १ ग्रॅम नत्र गेला, तर सुमारें सव्वासहा ग्रॅम प्रथिन, म्हणजे जवळजवळ ३० ग्रॅम ओलें मांस गेलें, असा हिशेब आहे. आमच्याकडील शेतकऱ्याला ही गोष्ट लौकर समजेल. घरांत खाण्यास धान उरलें नाहीं म्हणजे बियाण्यासाठीं राखलेल्या कणगीला हात घालावा लागतो. त्या दिवशीं चूल पेटते खरी, परंतु मृग नक्षत्र लागेल तेव्हां पेरावयाचें काय?

डॉक्टर लोकांनीं या झिजेचीं कांहीं ठोकळ मानें सांगितलीं आहेत. चरबी सोडून शरीराचें जें सजीव वस्तुमान असतें, तें शेंकडा १० नें घटलें कीं जंतूंशीं झगडण्याची शक्ति उणावते. २० नें घटलें कीं जखम भरण्याचें काम मंदावतें. ३० ला बसण्याचीही ताकद राहत नाहीं आणि अंथरुणाला टेकलेल्या भागांवर नवे व्रण पडूं लागतात. ४० च्या आसपास रोगी बहुधा दगावतो. म्हणजे ज्या रोग्याला महिनाभर पेजेवर ठेवलें, त्याची जखम भरत नाहीं याचें कारण पुष्कळदां जखमेंत नसतें, ताटांत असतें.

आतां अमिनो आम्लें म्हणजे काय तें पाहूं. ‘आम्ल’ या शब्दानें कोणी बिचकूं नये. चिंच-लिंबाच्या आंबटपणाशीं त्याचा येथें संबंध नाहीं. डाळ, दूध, मांस, अंडें यांतील जें प्रथिन आपण खातों, तें पोटांत जसेंच्या तसें अंगाला लागत नाहीं. प्रथम त्याचे सुटे मणी होतात आणि मग त्या मण्यांची शरीर आपल्याला हवी तशी नवी माळ ओंवतें. हे मणी म्हणजेच अमिनो आम्लें. त्यांचे प्रकार वीस. त्यांपैकीं नऊ शरीराला स्वतः तयार करतां येत नाहींत, ते अन्नांतूनच मिळाले पाहिजेत. बाकीचे अकरा एकमेकांपासून किंवा दुसऱ्या पदार्थांपासून तें बनवूं शकतें. माळेंत ज्या क्रमानें मणी लागतात त्यांतला एक जरी संपला, तरी ओंवणें तेथेंच थांबतें, मग दुसऱ्या मण्यांच्या राशी पडलेल्या असोत.

तांदळांत लायसीन नांवाचा मणी कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो, पण तींत मिथिओनीन कमी, आणि तें तांदळांत त्या मानानें बरें असतें. वरण-भात एका ताटांत वाढण्याची आपली चाल ज्यांनीं पाडली त्यांना हीं नांवें ठाऊक नव्हतीं. पण दोघांची उणीव दोघे भरून काढतात ही गोष्ट खरी आहे. येथें डॉ. कमला सोहोनी यांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९३९ सालीं केंब्रिजची पीएच. डी. मिळविणाऱ्या या मराठी विदुषीनें कडधान्यांतील प्रथिनांवर पुष्कळ काम केलें. आपल्या अन्नधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे कांहीं पदार्थ असतात, त्यांची तपासणी त्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत मुंबईस केली. डाळ नीट भिजवून मऊ शिजविली म्हणजे हा अडथळा बहुतेक नाहींसा होतो. अशक्त रोग्याला डाळ बाधते असें जें म्हणतात, त्यांत पुष्कळ वेळां दोष डाळीचा नसून ती कच्चट शिजविणाऱ्या घाईचा असतो.

नवी कातडी ज्या धाग्यांवर उभी राहते त्यांना कोलॅजेन म्हणतात. तीन पदर एकमेकांभोंवतीं पिळून जसा दोर वळावा, तशी त्यांची रचना आहे, आणि ती रचना १९५४ सालीं मद्रासमध्यें जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनीं उलगडून दाखविली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. या दोरांत दर तिसरा मणी ग्लायसीनचा असतो, आणि प्रोलीन नांवाचा मणीही फार लागतो. त्या प्रोलीनवर एक रासायनिक संस्कार झाल्याशिवाय दोराला पीळ बसत नाहीं, आणि त्या संस्काराला ‘क’ जीवनसत्त्व लागतें. पूर्वींच्या काळीं लांबच्या सफरीवर गेलेल्या खलाशांना ताजीं फळें न मिळाल्यामुळें त्यांच्या जुन्या, भरून आलेल्या जखमाही पुन्हां उघडत असत, त्याचें कारण हेंच. तेव्हां ‘आंबट देऊं नका’ हें घरगुती पथ्य भाजलेल्या माणसाला उलट घातक ठरतें. आवळा, पेरू, लिंबू, संत्रें हीं त्याला दिलींच पाहिजेत. तोंड आलेलें असेल तर पातळ करून द्यावीं. जस्त आणि तांबें या धातूंचाही सूक्ष्म अंश लागतो. मोठ्या जखमेंत तो डॉक्टर निराळा देतात.

अन्नांत एकंदर प्रथिन वाढविल्यानें भाजलेल्या रोग्याला गुण येतो काय? १९८० सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें डॉ. वेस्ली अलेक्झांडर आणि त्यांचे सहकारी यांनीं फार भाजलेल्या १८ मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहींना एकूण उष्मांकांपैकीं शेंकडा साडेसोळा प्रथिनांतून मिळत, दुसऱ्यांना शेंकडा २३ च्या सुमारास. अधिक प्रथिन घेणाऱ्या मुलांत प्रतिकारशक्ति बरी राहिली आणि त्यांच्यांतील अधिक मुलें वांचलीं. अठरा मुलें म्हणजे मोठी संख्या नव्हे. पण भाजलेल्यास प्रथिन अधिक द्यावें, ही दिशा पुढेंही टिकली. युरोपांतील तज्ज्ञांच्या २०१३ च्या शिफारशींत मोठ्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागें दीड ते दोन ग्रॅम, आणि मुलांना दीड ते तीन ग्रॅम प्रथिन द्यावें, असें सांगितलें आहे. निरोगी माणसाला दर किलोमागें एक ग्रॅमच्या आंतबाहेर पुरतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही वाढ किती मोठी आहे तें कळेल.

पण डबा विकणारे प्रथिनाच्या एकंदर मापाविषयीं बोलत नाहींत, ते एखाद्या विशिष्ट अमिनो आम्लाचें माहात्म्य सांगतात. त्यांत ग्लुटामीन आणि आर्जिनीन हीं दोन नांवें मुख्य. दोन्ही शरीर स्वतः बनवितें. मात्र मोठ्या आघातांत तें पुरेसें बनवूं शकत नाहीं असें आढळलें आहे. ग्लुटामीन हें आंतड्याच्या अस्तराचें आणि रक्तांतील संरक्षक पेशींचें आवडतें इंधन. फार भाजलेल्याच्या रक्तांत तें उतरलेलें असतें. जें उतरलें तें भरून दिलें कीं रोगी बरा होईल, हा तर्क इतका सरळ वाटतो कीं, त्यावर शंका घेणारा माणूस अडाणी ठरावा! आणि आरंभींचे प्रयोग तसेंच सांगत होते. २००३ सालीं कॅनडांतील ४५ रोग्यांच्या प्रयोगांत ग्लुटामीन घेणाऱ्यांत मृत्यु पुष्कळच कमी झाले. चीनमधील लहान प्रयोगांतही जखमा लौकर भरल्याचे निष्कर्ष निघाले. वर सांगितलेल्या २०१३ च्या शिफारशींतही ग्लुटामीनला स्थान मिळालें.

त्याच २०१३ सालीं मात्र एक धक्का बसला. भाजलेले नव्हेत, परंतु अनेक अवयव निकामी होऊं लागलेले असे अत्यवस्थ रोगी घेऊन कॅनडा, अमेरिका व युरोप येथील ४० अतिदक्षता विभागांत १२२३ जणांवर ग्लुटामीनचा प्रयोग झाला होता. २८ दिवसांत ग्लुटामीन घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३२ हून थोडे अधिक, तर न घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २७ हून थोडे अधिक दगावले. औषध निरुपयोगी ठरणें ही एक गोष्ट. तें अपाय करतें अशी शंका येणें ही दुसरी. तेव्हां भाजलेल्यांचें काय, हें मोठ्या संख्येवर पाहणें प्राप्त झालें.

तो निकाल २०२२ सालीं आला. १४ देशांतील ५४ भाजविभागांतून १२०० हून अधिक रोगी घेतले होते. सरासरीनें त्यांचा अंगाचा एक-तृतीयांश भाग भाजलेला होता. निम्म्यांना रोज वजनाच्या दर किलोमागें अर्धा ग्रॅम ग्लुटामीन नळीनें किंवा तोंडानें दिलें, निम्म्यांना तसेंच दिसणारें पण गुण नसलेलें चूर्ण. कोणाला काय मिळतें हें ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. ग्लुटामीन घेणारे जिवंतपणीं घरीं जाण्यास मध्यम मानानें ४० दिवस लागले, न घेणाऱ्यांस ३८. सहा महिन्यांतील मृत्यु पहिल्यांत शेंकडा १७.२, दुसऱ्यांत १६.२. म्हणजे फरक नाहीं असेंच म्हटलें पाहिजे.

मग आरंभींचे प्रयोग खोटे होते काय? खोटे नव्हेत, लहान होते. एखाद्या शाळेंतून पंधरा मुलें परीक्षेला बसलीं आणि चौदा उत्तीर्ण झालीं, तर गांवांत मास्तरांचा जयजयकार होतो. पुढच्या वर्षीं नऊच झालीं कीं त्याच मास्तरांना दूषणें मिळतात. मास्तर तोच, शिकविणें तेंच. पंधरा मुलांत दोन हुशार आणि दोन आजारी एवढ्यानेंच टक्का वर-खालीं होतो. शाळा पारखावयाची तर हजार मुलें पाहावीं लागतात. औषधाचेंही तसेंच आहे. शिवाय रक्तांत एखादा पदार्थ कमी झाला म्हणून तो भरून दिल्यानें रोग हटेलच असें नाहीं. आधीं एकंदर प्रथिन पुरेसें मिळत असेल, तर एका मण्याची रास वाढवून माळ लांबत नाहीं.

आर्जिनीनविषयीं थोडक्यांत सांगतों. त्यापासून शरीरांत नायट्रिक ऑक्साइड बनतें, त्यानें रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यापासून प्रोलीनही बनूं शकतें. निरोगी स्वयंसेवकांच्या लहान चाचणी-जखमांत आर्जिनीन दिल्यानें कोलॅजेन अधिक सांचतें, असें डॉ. बारबुल यांनीं १९९० सालीं दाखविलें. परंतु निरोगी माणसाची लहान जखम आणि जंतुदोषानें तापलेला भाजलेला रोगी यांत फार अंतर आहे. रक्तदाब आधींच घसरत असतां रक्तवाहिन्या आणखी रुंदावणारा पदार्थ देण्यास जाणते डॉक्टर कचरतात. भाजलेल्यांत त्याचा निश्चित लाभ सिद्ध झालेला नाहीं.

अमिनो आम्ल म्हटलें कीं तें अमृतच असावें अशीही एक भाबडी समजूत दिसते. आमच्या बांधींत धानाच्या मागून ओलाव्यावर जी लाखोळी पेरतात, तिच्या डाळींत एक अमिनो आम्लच आहे. भारतीय संशोधकांनीं १९६४ सालीं तें वेगळें करून दाखविलें. दुष्काळांत महिनोगणती मुख्यत्वें तीच डाळ खाणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे होतात, तें त्याच्यामुळें. भाजलेल्या रोग्याला डाळीचें प्रमाण वाढवून द्यावयाचें असतें, म्हणून ती डाळ तुरीची, मुगाची किंवा हरभऱ्याची असावी. लाखोळी या कामीं नको.

हें सर्व सांगण्याचा अर्थ, दुकानांतील प्रत्येक डबा खोटा आहे असा मात्र नव्हे. पुष्कळ डब्यांत दुधापासून किंवा सोयाबीनपासून काढलेलें प्रथिन असतें, आणि ज्या रोग्याला घांस गिळवत नाहीं त्याला डॉक्टर तें मापून देतात. तें योग्यच आहे. प्रश्न आहे तो चमत्काराच्या आशेनें घेतलेल्या डब्याचा. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या पत्नीच्या दोन्ही पायांवर उकडत्या धानाचें पाणी पडलें होतें. मी भेटीस गेलों तेव्हां उशाशीं दोन डबे होते. घरांतील दुभती गाय विकून आणलेले! त्यांतील दोन चमचे भुकटी ती सकाळीं पाण्यांतून घेई, आणि दिवसभर पेज. डाळ बंद, कारण पू होईल. दूध बंद, कारण गाय गोठ्यांत नव्हती. दोन चमच्यांत प्रथिन किती, म्हणून डब्यावरील बारीक अक्षरें मीं चष्मा लावून वाचलीं. सुमारें आठ ग्रॅम निघालें. एवढें प्रथिन पाव लिटर दुधांत असतें. दवाखान्यांतील एका अनुभवी परिचारिकेनें पुढें सासूबाईंना जवळ बसवून समजाविलें, आणि डाळ सुरू झाली. सासूबाई कठोर नव्हत्या. त्यांनाही त्यांच्या सासूनें तसेंच सांगितलें होतें.

पू होतो तो जंतूंनीं. डाळीनें किंवा अंड्यानें होत नाहीं. पांढऱ्या अन्नाचा पांढरा पू, ही केवळ रंगाची तुलना आहे. उलट, पू करणाऱ्या जंतूंशीं लढणारीं द्रव्यें शरीर ज्यापासून घडवितें, तें प्रथिनच आपण बंद करतों. दुसरीकडे हीच माणसें भाजल्याबरोबर जखमेवर कच्चें अंडें फोडतात, शाई ओततात, दांत घांसण्याचें मलम फांसतात! भाजल्याबरोबर सुमारें वीस मिनिटें साधें वाहतें थंड पाणी सोडावें आणि स्वच्छ कपड्यानें झांकून दवाखाना गांठावा. अंड्याची जागा नंतरच्या ताटांत. स्वयंपाकघरांतील एक वस्तु मात्र जखमेवर खरोखरच उपयोगी पडली आहे. मुंबईच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयांत डॉ. मनोहर केसवानी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या करून भाजलेल्या जखमांवर वापरल्या, आणि १९८५ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. साल ओलावा धरून ठेवते व पट्टी काढतांना नवी कातडी सोलवटत नाहीं, असें त्यांना आढळलें. पण तें काम निर्जंतुक करून दवाखान्यांत करावयाचें. घरीं करण्याचें नव्हे.

आतां ताटाचा हिशेब मांडूं. रोगी ५० किलो वजनाची स्त्री आहे असें धरा. तिला दिवसाला ७५ ते १०० ग्रॅम प्रथिन पाहिजे. पेजेच्या एका वाडग्यांत मूठभर तांदूळ, म्हणजे प्रथिन तीन ग्रॅमच्या आसपास. तीन वाडगे प्याले तरी दहा ग्रॅम भरत नाहींत. त्याऐवजीं दिवसभरांत ३०० ग्रॅम तांदूळ दिले तर २१ ग्रॅम, १०० ग्रॅम तुरीची डाळ २२, अर्धा लिटर दूध किंवा त्याचें दहीं १६, दोन अंडीं १३ आणि ५० ग्रॅम शेंगदाण्याचें कूट १२. एकूण ८४ ग्रॅम झाले. अंडें न खाणाऱ्या घरीं २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या शिजविल्या तर तेवढेंच भरतें. आमच्या मालगुजारी तलावांतील आणि बोड्यांतील ताजी मासळी ज्यांना चालते, त्यांना १०० ग्रॅम मासळींतून आणखी १७ ग्रॅमपर्यंत मिळतात. भात आणि तेल-तूप कमी करूं नये. उष्मांक कमी पडले तर शरीर खाल्लेलें प्रथिन जखमेसाठीं न राखतां सर्पणासारखें जाळून टाकतें.

हिशेब कागदावर सोपा; खाणारीला तो अवघड जातो. वेदना असते, मळमळ असते, पट्टी बदलण्याच्या दिवशीं भुलीसाठीं उपाशी ठेवतात. म्हणून तीन जेवणांऐवजीं सहा-सात वेळां थोडें थोडें द्यावें. वरण पातळ न करतां घट्ट करावें, दुधांत दुधाचीच भुकटी मिसळून तें सकस करावें, उपासाच्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे राहिलेलें भरून काढावें. खोली उबदार ठेवावी, कारण थंडींत अंग ऊब राखण्यासाठीं आणखी शक्ति जाळतें. रोगी खातच नसेल तर डॉक्टर नाकांतून पोटापर्यंत बारीक नळी घालून पातळ अन्न देतात, आणि फार भाजलेल्यांत तर पहिल्या बारा तासांतच तें सुरू करावें असें मत आहे. ‘नाकांत नळी आली म्हणजे आशा सुटली,’ असें समजून नातेवाईक पुष्कळदां तिला नकार देतात. ती नळी आशा सुटल्याची खूण नसते. जखम भरण्याला जें साहित्य लागतें, तें पोंचविण्याची ती वाट असते.

एक गोष्ट स्पष्टपणें बोलली पाहिजे. आपल्या पुष्कळ घरांत स्त्री सर्वांच्या मागून जेवते, आणि तळाशीं उरलेलें वरण तिच्या वाट्याला येतें. भाजून महिनाभर अंथरुणाला खिळलेली सून काम करीत नाहीं, म्हणून ‘बसून खाते’ असे शब्दही माझ्या कानीं आले आहेत. ती बसून खात नसते. अंगावर नवी कातडी विणणें हें तिच्या देहानें आजवर केलेल्या कोणत्याही कामाहून जड काम आहे. तिचें ताट वेगळें वाढून, सर्वांच्या आधीं तिच्यापुढें ठेवलें पाहिजे.

कांहीं रोग्यांना वरील हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनाचें माप डॉक्टरांनींच ठरवावें. मधुमेह्याला भात-गुळाचें प्रमाण विचारून द्यावें. भाजल्यामुळें निरोगी माणसाचीही रक्तांतील साखर कांहीं काळ चढते. आणि फार भाजलेल्याला पहिल्या तासांत डॉक्टरांनीं पाहण्यापूर्वीं घरीं बळेंच कांहीं भरवूं नये. त्या वेळीं त्याची मुख्य गरज शिरेवाटे द्यावयाच्या द्रवाची असते.

जखम वरून मिटली म्हणजे भूक भागली असेंही नाहीं. मोठ्या भाजण्यानंतर शरीराचा वाढलेला खर्च महिनोगणती, कित्येकदां दोन वर्षांपर्यंत, चालू राहतो. या काळांत अन्नाबरोबर हालचालही लागते. हात-पाय हलविल्याशिवाय खाल्लेल्या प्रथिनाचा स्नायु बनत नाहीं, आणि सांध्यावरील कातडी आखडते ती निराळीच. दुखतें म्हणून रोगी टाळाटाळ करतो व घरच्यांना दया येते. तेथें थोडें कठोर व्हावें. दर आठवड्यास, एकाच वारीं, सकाळीं, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील काट्यावर वजन करून वहींत टिपून ठेवावें. सूज उतरतांना आरंभीं वजन कमी होतें, त्यानें घाबरूं नये. पण सूज उतरल्यानंतरही लागोपाठ दोन आठवडे काटा खालीं जात असेल, तर ती वही आणि रोज काय खाल्लें त्याची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावें.